टोली, दशांश आणि मोकळा हात : प्रस्तावना

दान करावे असे सांगणारी वचने ख्रिस्ती धर्मग्रंथात पुष्कळ आहेत. परंतु देताना देणाऱ्याचे मन आणि चेहरा कसा असावा याचा थेट विचार नव्या करारात मोजक्याच ठिकाणी येतो, आणि त्यांतली महत्त्वाची दोन स्थळे पौलाच्या लेखणीतली आहेत. रोम येथील मंडळीला लिहिताना त्याने दया करणाऱ्याने ती हसतमुखाने करावी असे सुचवले, तर करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या नवव्या अध्यायात त्याने देणाऱ्यालाच 'हिलारॉस' हे ग्रीक विशेषण लावले. मराठी बायबलने तेथे 'संतोष' हा शब्द पत्करला आहे. तो चुकीचा नाही, पण मराठीतला संतोष आत मुरलेला आणि शांत असतो. हिलारॉसमध्ये बाहेर दिसणारी प्रसन्नता आहे, दार उघडणाऱ्याच्या तोंडावर पाहुण्याला पहिल्या क्षणी दिसते तशी. पौलाला ही कल्पना हाताशी सापडली ती नीतिसूत्रांच्या ग्रीक भाषांतरात. 'सप्तती' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, यहुदी विद्वानांनी ख्रिस्तपूर्व काळात केलेल्या या भाषांतरात, प्रसन्नपणे देणाऱ्या माणसाला देव आशीर्वाद देतो अशा अर्थाची एक ओळ आहे आणि ती प्रचलित हिब्रू पाठात नाही. ज्या कल्पनेवर पुढे शतकानुशतके प्रवचने झाली ती भाषांतरकाराच्या पदरची भर होती असे म्हणण्याचा मोह होतो, आणि भाषांतरांवरच वाढलेल्या मराठी ख्रिस्ती वाङ्मयाला तो मोह आवरण्याचे कारण नाही.

हे वचन भिंतीवरच्या तसबिरीसारखे सुटे काढून वाचले की त्याचा अर्थ गोड आणि पातळ होतो. म्हणून ते कोणत्या प्रसंगी लिहिले गेले हे आधी पाहावे लागते. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास यरुशलेमेतील ख्रिस्ती मंडळी हलाखीत होती आणि तिच्यासाठी पौल मासेदोनिया व अखया या ग्रीक प्रांतांतील मंडळ्यांकडून निधी जमवत होता. मासेदोनियाचे लोक स्वतःच दरिद्री होते, तरी या कामात आपल्यालाही वाटा मिळावा म्हणून त्यांनी गळ घातली. करिंथकरांनी मात्र उत्साहाने कबूल करून वर्षभर टोलवले. त्यांना लिहिताना पौलाने हुकूम सोडला नाही आणि आकडाही ठरवून दिला नाही. प्रत्येकाने मनात ठरवले असेल तेवढे द्यावे, कुढत नको आणि भिडेपोटीही नको, एवढीच त्याची अट होती. येथे प्रसन्नता म्हणजे देताना चेहऱ्यावर आणायचे हसू नव्हे, तर ते देणे स्वखुशीचे असल्याची खूण आहे. त्याच पत्रात, पैसे नेण्यासाठी मंडळ्यांनी निवडलेली माणसे सोबत असतील, म्हणजे कोणाला बोट ठेवायला जागा राहणार नाही, असेही तो सांगून ठेवतो. हसतमुख देणे आणि चोख हिशेब यांची ही जोडी पुढच्या इतिहासात वारंवार तुटलेली दिसते, आणि ती तुटली की देणाऱ्यांचे हसू मावळल्याचेही दिसते.

पौलामागे जुन्या कराराची व्यवस्था उभी आहे. तीत दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, मंदिरसेवा करणाऱ्या लेव्यांसाठी आणि परदेशी, अनाथ व विधवा यांच्यासाठी राखलेला होता. शेताचे कोपरे न कापता सोडावेत आणि सरवा, म्हणजे कापणीनंतर शेतात राहिलेली कणसे, गरिबांना वेचू द्यावी असा नियम होता. येशूने ही चौकट मोडली नाही, पण तिचे माप बदलले. मंदिराच्या भांडारात श्रीमंतांच्या मोठ्या रकमा पडत असताना एका विधवेने टाकलेल्या दोन टोल्या, म्हणजे चलनातली सर्वांत हलकी नाणी, त्याने सर्वांत मोठे दान ठरवल्या, कारण किती दिले यापेक्षा मागे काय उरले हे त्याने मोजले. या हाताचे त्या हाताला कळू नये ही मराठीत रुळलेली म्हणही त्याच्याच डोंगरावरील प्रवचनाशी जुळते. नव्या करारात दशांशाची स्पष्ट आज्ञा मंडळीला कोठेच दिलेली नाही, हे मात्र दशांशावर हिरिरीने बोलणाऱ्या व्यासपीठांवरून क्वचितच ऐकू येते.

पुढच्या वीस शतकांत या बीजापासून वेगवेगळ्या विचारधारा फुटल्या. चौथ्या शतकातील ग्रीक धर्मपित्यांची, म्हणजे आरंभीच्या मंडळीतील प्रमाण मानलेल्या आचार्यांची, धारा त्यांत सर्वांत जहाल म्हणावी लागेल. इसवी सन 369 च्या सुमारास कैसरिया येथे दुष्काळ पडला असता तेथील धर्मपिता बासिल याने कोठारे कुलूपबंद ठेवणाऱ्यांना धारेवर धरले. पेटीत पडून असलेला अंगरखा उघड्यावर कुडकुडणाऱ्याचा आहे, असा त्याचा युक्तिवाद होता. अंत्युखिया व पुढे कॉन्स्टँटिनोपल येथे गाजलेला प्रवचनकार योहान क्रिसोस्तम यानेही आपल्याजवळचे गरिबांना न देणे ही चोरीच मानली, आणि याचक पात्र आहे की नाही याची उलटतपासणी घेणाऱ्या दात्यांची त्याने भर सभेत हजेरी घेतली. या दोघांच्या लेखी दान म्हणजे उपकार नसून परतफेड आहे. आणि परतफेड करणाऱ्याला कसला आला मोठेपणा, त्याला फार तर ओझे उतरल्याचा आनंद. आफ्रिकेतील कार्थेजचा सिप्रियान मात्र त्याआधी शतकभर वेगळी वाट दाखवून गेला होता. बाप्तिस्म्यानंतर घडलेल्या पापांचे क्षालन दानाने होते, या त्याच्या प्रतिपादनातून दानाला पुण्यसंचयाचे रूप आले आणि मध्ययुगीन युरोपात ते घट्ट झाले.

त्याच युरोपात दशांश कायद्याचा झाला. 585 मध्ये मॅकॉन येथील धर्मसभेने तो न देणाऱ्याला बहिष्काराची धमकी दिली, आणि 779 मध्ये शार्लमेनने त्याला राजाज्ञेचे बळ दिले. शेतातल्या दहाव्या पेंढीवर खूण करून ती उचलून नेणाऱ्या या वसुलीत हिलारॉसला जागाच उरली नाही. सोळाव्या शतकातील धर्मसुधारकांनी पुण्याचा हिशेब मोडून काढला, आणि 1523 मध्ये जर्मनीतील लायस्निग गावाने मार्टिन ल्यूथरच्या सल्ल्याने गावच्या गरिबांसाठी 'सामायिक पेटी' ठेवली, तर जिनीव्हात कॅल्विनने डीकन, म्हणजे दानाची व्यवस्था पाहणारे सेवक, हे पद पुन्हा उभे केले. अठराव्या शतकात जॉन वेस्लीने ऑक्सफर्डच्या दिवसांत वर्षाला 28 पौंडांत भागवण्याचे ठरवले आणि उत्पन्न 30 पौंडांवरून 120 पौंडांवर गेले तरी खर्च तेवढाच ठेवून उरलेले वाटून टाकले. या धारेतून 'कारभारीपण' ही संज्ञा वर आली. मालक देव आहे आणि माणूस त्याच्या धनाचा कारभारी आहे, अशी ही कल्पना. तिच्यात हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवण्याचा एक सूक्ष्म धोका आहे, कारण धन देवाचे असले की ते देताना स्वतःच्या पदराला खार लागल्याचे माणूस सोयीस्करपणे विसरू शकतो.

या ग्रंथाच्या दोन ठाण्यांपैकी एक असलेल्या जयपुराशी हा पट जोडला जातो तो स्कॉटलंडमधील एका मंडळीमुळे. 1847 मध्ये तेथे स्थापन झालेल्या युनायटेड प्रेस्बिटेरियन चर्चचा पायाच 'ऐच्छिकवाद' हा होता. सरकारने धर्मसंस्थेला पोसू नये, सक्तीचा कर नको, मंडळी सभासदांच्या खुशीच्या पैशावरच चालावी, असे या लोकांचे म्हणणे असे, आणि त्यासाठी त्यांनी राज्यमान्य चर्चपासून दूर राहणे पसंत केले होते. याच चर्चने 1860 मध्ये ब्यावर येथे राजपुताना मिशन सुरू केले. जयपुरात त्याला दार उघडले ते 1866 मध्ये, जेव्हा डॉक्टर कॉलिन व्हॅलेंटाइन यांच्या उपचारांनी महाराणीला गुण आला आणि महाराजा सवाई रामसिंह दुसरे यांनी त्यांना राजवैद्य म्हणून ठेवून घेतले. धर्मकार्य करण्याची मोकळीक असावी, ही डॉक्टरांची अट महाराजांनी मान्य केली. व्हॅलेंटाइन यांच्यानंतर आलेल्या जॉर्ज मॅकॅलिस्टर यांनी 1898 मध्ये जयपूर संस्थानातील बोलींचे नमुने छापून भाषाभ्यासकांना कायमचे ऋणी करून ठेवले. स्कॉटिश मंडळ्यांत रविवारच्या थैलीत पडलेल्या नाण्यांनी वाळवंटाच्या कडेवरच्या एका संस्थानाचे व्याकरण नोंदले जावे, हा दानाच्या इतिहासातला एक आडवळणाचा पण आनंददायक परिणाम आहे.

मराठी वाचकाने या ठिकाणी थोडे ओशाळून थांबावे. जयपुराला मराठ्यांची ओळख झाली ती देण्याने नव्हे, मागण्याने. चौथाई आणि खंडणीच्या तगाद्यापुढे हतबल झालेल्या सवाई ईश्वरीसिंहाने 1750 च्या डिसेंबरात आत्महत्या केली, आणि पुढच्याच महिन्यात शहरातल्या मराठ्यांची कत्तल झाली. चौथा हिस्सा भाल्याच्या टोकावर घेतला जातो तेव्हा काय होते आणि दहावा हिस्सा स्वखुशीने दिला जातो तेव्हा काय होते, यांची तुलना करायला याहून बोलकी भूमी मिळणे कठीण.

शिवाय जयपूर हे मुळातच देणाऱ्यांचे शहर आहे. आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चतुर्विध दानाची जैन परंपरा येथे बाजारपेठेच्या हाडीमासी खिळलेली आहे. मुसलमानांची अडीच टक्क्यांची जकात आणि ऐच्छिक सदका, शिखांचा दशांशासारखा दसवंध आणि लंगर हेही येथे शेजारी नांदतात. वैशाखात रस्त्याच्या कडेला प्याऊ, म्हणजे पाणपोई, उभी राहते. ओल्या गोणपाटात गुंडाळलेले माठ वाळूत रोवलेले असतात, आणि मागे बसलेला माणूस लांब तोटीच्या रामझाऱ्यातून वाटसरूच्या ओंजळीत पाण्याची धार सोडतो. वाटसरू मान खाली घालून पितो, त्यामुळे देणाऱ्याचा चेहरा त्याला दिसत नाही आणि प्याऊ कोणाच्या स्मरणार्थ आहे हेही तो बहुधा वाचत नाही. ख्रिस्ती विचाराचा शोध घेणाऱ्या ग्रंथाने या प्याऊपुढून डोळे मिटून जाऊ नये. गीतेच्या सतराव्या अध्यायाने फळाच्या आशेने किंवा जिवावर आल्यासारखे दिलेले दान राजस ठरवले आहे, आणि तैत्तिरीय उपनिषदाने संकोचाने, विनयाने द्यावे असे सांगितले आहे; पौलाची अट त्यांच्यापासून फार दूर नाही. फरक आहे तो कारणात. पौलाच्या मते देणारा प्रसन्न असतो, कारण त्याला आधीच अपरंपार काही मिळालेले आहे आणि ते त्याने कमावलेले नाही.

विक्रम संवत 1956, म्हणजे 1899-1900, साली राजपुताना आणि गुजरातेवर जो दुष्काळ कोसळला त्याला राजस्थानात आजही छप्पनिया म्हणतात. त्या वेळी जयपूरचे महाराजा माधोसिंह दुसरे यांच्या 15 लाख रुपयांच्या आरंभीच्या देणगीतून देशव्यापी दुष्काळ निधी उभा राहिला. अमेरिकेतील एका ख्रिस्ती साप्ताहिकाच्या वाचकांनी वर्गणी जमवली, मक्याने भरलेले किटो नावाचे जहाज न्यूयॉर्कहून मुंबईस आले, आणि अमेरिकी मदतीच्या वाटपाची धुरा अहमदनगरच्या रॉबर्ट ह्यूम यांनी वाहिली. पंडिता रमाबाईंनी गुजरातेतील निराधार मुली केडगावच्या मुक्ती सदनात आणल्या आणि तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. या साऱ्या कामामागे खरी करुणा होती यात शंका घेण्याचे कारण नाही. पण अशाच मदतीतून 'पोटासाठी बाटलेले' हे दूषण गरीब ख्रिस्ती माणसाच्या मागे लागले, तेही तितकेच खरे. धान्याच्या पोत्यासोबत पुस्तिका आली की घेणाऱ्याचे 'हो' किती मोकळे होते हे ठरवणे अवघड होते. देणाऱ्यावर सक्ती नसावी हे पौलाने सांगितले; घेणाऱ्यावरही ती नसावी हे त्याच तत्त्वाचे दुसरे अंग आहे, आणि मिशनरी साहित्याने ते पुरेसे मनावर घेतले नाही, असे म्हणणे भाग आहे.

त्याहून खोल जखम वेगळीच होती, आणि ती महाराष्ट्रात अधिक स्पष्ट दिसते. अमेरिकन मराठी मिशनने 1813 मध्ये मुंबईत आणि 1831 मध्ये अहमदनगरला काम सुरू केले तेव्हा शाळा, दवाखाना, पाळकाचा पगार, चर्चचे छप्पर, सगळे बॉस्टनहून येई. या मिशनचे धोरण ठरवणारे रूफस अँडरसन 1854-55 च्या सुमारास स्वतः येथे येऊन पाहून गेले. मंडळी स्वावलंबी, स्वशासित आणि स्वतःच प्रसार करणारी झाली तरच ती खरी मंडळी, असा त्यांचा सिद्धांत होता, आणि तो ऐकायला रास्त असला तरी महार-मांग वस्त्यांतल्या नव्या ख्रिस्ती माणसाला तो कानावर पडला तो 'आता तुम्ही वर्गणी द्या' या भाषेत. दुसऱ्याच्या ताटातले खाणाऱ्याला एकाएकी यजमान व्हायला सांगण्यासारखे ते होते. तरीही मुठीमुठीने धान्य जमले, अंडी आणि कोंबड्या आल्या, आणि पाळकाचे घर त्यावर चालू लागले. ज्या माणसांकडून गावाने शतकानुशतके फक्त वेठ घेतली होती, त्यांनी प्रथमच काहीतरी 'दिले'. मासेदोनियाच्या दरिद्री मंडळ्यांनी वाटा मागण्यासाठी गळ का घातली असेल, याचे उत्तर या वस्त्यांत सापडते.

रमाबाईंच्या आयुष्यात दानाच्या दोन पद्धती एकामागून एक आल्या. 1887 मध्ये बॉस्टनला स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षांसाठी वार्षिक वर्गणीची लेखी हमी दिली, गावोगावच्या 'रमाबाई मंडळां'तून लहानलहान रकमा जमवल्या आणि त्यावर 1889 मध्ये विधवांसाठीचे शारदा सदन उघडले. पुढे ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलर यांच्या उदाहरणाने प्रभावित होऊन रमाबाईंनी मुक्ती सदन 'विश्वासाच्या' तत्त्वावर चालवले, म्हणजे ठरावीक वर्गणीची हमी न घेता गरज देवापुढे मांडायची आणि जे येईल त्यात भागवायचे. पहिल्या पद्धतीत दात्याला हिशेब मिळतो आणि संस्थेवर त्याचा लगामही राहतो. शारदा सदनातल्या धर्मविषयक धोरणावरून उठलेला गदारोळ त्या लगामाचाच होता. दुसऱ्या पद्धतीत देणारा मोकळा राहतो, पण संस्था चालवणाऱ्याच्या रात्री कशा जात असतील याची कल्पना केलेली बरी.

नारायण वामन टिळकांचे उदाहरण त्याहून वेगळे. 1917 मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला, ख्रिस्ती संन्यासी म्हणून राहण्याचे ठरवले आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. त्यांच्या सढळ हाताची खरी किंमत मात्र 1934 पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या 'स्मृतिचित्रे'त त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी नोंदवली. पतीच्या हसतमुख औदार्याचा खर्च घरातल्या पिठाच्या डब्यावर कसा पडतो, हे त्यांनी इतक्या हसऱ्या आणि बोचऱ्या भाषेत सांगितले आहे की दानावरच्या कोणत्याही धर्मशास्त्रीय ग्रंथाला ते पुरवणी म्हणून जोडावे. जो देतो त्याचे नाव होते. जिची पदरमोड होते ती दुसरीच कोणी असते. हिलारॉस या शब्दाच्या भाष्यकारांनी घरातल्या बाईला हा प्रश्न विचारल्याचे फारसे आढळत नाही.

आज हा विषय नव्याने मांडण्याची निकड अनेक अंगांनी निर्माण झाली आहे. विदेशी देणग्यांचे नियमन करणारा 1976 चा कायदा 2010 मध्ये बदलला, 2020 च्या दुरुस्तीने एका संस्थेने दुसरीला विदेशी निधी पुढे देणे बंद झाले, आणि परदेशी पैशावर विसंबलेल्या लहान संस्थांना घरच्या दात्याकडे वळावे लागले. 1967 च्या ओडिशाच्या कायद्यापासून धर्मांतरविषयक कायद्यांत भेटवस्तू ही प्रलोभनात मोडू शकते, आणि राजस्थान विधानसभेनेही 2025 मध्ये असा कायदा संमत केला. त्यामुळे ख्रिस्ती माणसाने शेजाऱ्याला दिलेल्या औषधाच्या बाटलीकडेही संशयाने पाहिले जाऊ शकते. दुसऱ्या बाजूने, पेराल तितके पटींनी परत मिळेल असे सांगणारा समृद्धीचा उपदेश मोबाइलच्या पडद्यावरून घरोघर पोचला आहे. आवळा देऊन कोहळा काढण्याच्या या व्यवहाराला दान म्हणणे हा भाषेवरचा अन्याय होय. इतरांवर खर्च केल्याने माणूस अधिक सुखी होतो, असे 2008 मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आलेल्या संशोधनाने दाखवले आणि 2009 पासून भारतात गांधी जयंतीच्या सुमारास दानाचा आनंद साजरा करणारा सप्ताहही सुरू झाला. हे स्वागतार्ह आहे, परंतु देऊन सुख मिळते हे एक विधान झाले आणि सुखी माणूसच देतो हे दुसरे, आणि पौल दुसऱ्याच्या बाजूचा आहे. दानाच्या थैलीच्या जागी आलेल्या क्यूआर कोडच्या पाटीने तर एक जुना प्रश्न नव्याने उभा केला आहे: फोनवर पैसे आल्याची घोषणा मोठ्याने होते, तेव्हा डाव्या हाताला कळू नये याचे काय करायचे?

प्रस्तुत ग्रंथ या प्रश्नांची गोळाबेरीज करून एकच उत्तर हाती देण्याच्या भानगडीत पडत नाही. दशांश सक्तीचा की ऐच्छिक, या वादात त्याचा कौल ऐच्छिकतेकडे आहे आणि तो लपवलेला नाही. जयपूर आणि अहमदनगर ही दोन ठाणी त्याने निवडली, कारण एकात ख्रिस्ती दान इतरांच्या समृद्ध दानपरंपरांच्या गर्दीत वावरते, तर दुसऱ्यात ते ज्यांच्याजवळ काही नव्हते त्यांच्या हातून घडते. वसई आणि गोव्याच्या कॅथलिक परंपरेला मिळालेली जागा तिच्या थोरवीच्या मानाने अपुरी आहे. गोव्यातील मिझेरिकॉर्दियासारख्या दयासंस्थांचा इतिहास स्वतंत्र ग्रंथ मागतो. संशोधकाप्रमाणेच रविवारच्या उपासनेत थैली पुढे आल्यावर खिशात नेमके काय आहे हे चाचपणाऱ्या सामान्य माणसालाही हे पुस्तक वाचता यावे, अशी त्याची रचना आहे.

मराठी मंडळ्यांत कापणीनंतर होणाऱ्या उपकारस्तुतीच्या सणाला, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानण्याच्या उपासनेला, वेदीपुढे ज्वारीची कणसे, भोपळे, गुळाची ढेप, लोणच्याची बरणी, पाय बांधलेली कोंबडी असे सारे मांडले जाते आणि उपासना संपली की त्याचा लिलाव होतो. एखाद्या म्हातारीने पदराआड आणलेली चार अंडीही त्या टेबलावर असतात. बोली लागते, चढते, हशा पिकतो, दहावीस रुपयांची अंडी काहीशे रुपयांना जातात. ज्याने ती घेतली तो पैसे मोजतो, अंडी हातात धरून क्षणभर उभा राहतो आणि पुन्हा टेबलावर ठेवून देतो, आणि लिलाव पुकारणारा त्याच अंड्यांची बोली पहिल्यापासून सुरू करतो.